वाढीचा तक्ता

अंगणवाडीतली एकसष्ट लेकरं मी तोलते.
टांगत्या काट्याच्या झोळीत एकेक जण लोंबतो,
पाय झाडतो, कधी मुततो,
आणि काटा थांबेपर्यंत मी श्वास धरून उभी असते.

पहिल्यांदा झालं ते दारव्ह्याच्या बाजारात.
हातात सांबाराची जुडी. बाईनं सुटे मागितले.
तेवढ्यात छातीत जिनिंगचा पट्टा सुरू झाला,
बोटांना मुंग्या, तोंडाला कोरड,
सगळा बाजार नळीच्या पलीकडच्या टोकाला गेला
आणि मला पक्कं कळलं,
मी मरते आहे, इथंच, वांग्यांच्या ढिगाशेजारी.

मेले नाही.
सांबार घेऊन घरी आले, आलूची भाजी केली.

मग बाजार सुटला.
मग एसटी, मग तालुक्याची मीटिंग,
मग पुलापलीकडची वस्ती.
घराबाहेरची जागा धुतल्या लुगड्यासारखी आटत गेली.

सासूनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या.
जाऊ म्हणाली, ‘गॅस असन वं, ओवा खाय.’
देविदासनं तीनदा रात्री मोटरसायकल काढली.
तीनदा छातीला त्या थंड वाट्या लागल्या,
तीनदा पट्टी सरळ निघाली.
‘काही नाही. टेन्शन घेऊ नका.’
ते ‘काही नाही’ मी नऊ किलोमीटर मांडीवर आणलं,
जन्मल्यावर न रडलेल्या बाळासारखं.

खरं सांगू? पत्ता माझ्याच भिंतीवर होता.
मन उदास, धडधड, झोप नाही,
उपजिल्हा रुग्णालय, खोली अकरा, मंगळवार.
दोन वर्षांपूर्वी मीच तो कागद भाताच्या खळीनं चिकटवला,
मीच बायांना वाचून दाखवला.
दुसऱ्यांसाठी.

टेकाम मॅडमनी वजन नाही विचारलं, रक्त नाही विचारलं.
विचारलं,
‘मरणाची भीती वाटते, का पुन्हा तसं होईल याची?’
मी बोलायला तोंड उघडलं आणि पदर ओला झाला.
बाहेर रांग होती. त्यांनी घाई केली नाही.

‘शेतात जागल्या ठेवता ना?
डुक्कर आलं का डबा वाजवणं त्याचं काम.
तुमचा जागल्या इमानदार आहे, ताई,
फक्त वाऱ्यानं पऱ्हाटी हलली तरी डबा वाजवते.
त्याले हाकलायचं नाही.
वारा कोणता अन् डुक्कर कोणतं, ते शिकवायचं.’

मंग थोडं हसू आलं. चार महिन्यांत पहिलं.

गोळी अर्धी, रात्री, जेवल्यावर.
आठ दिवस पोट ढवळलं, वाटलं फेकून द्यावी.
शेजारची म्हणाली, ‘येड्याची गोळी खाते काय?’
मी म्हटलं, ‘हाव.’
दुसरं उत्तर सुचलं नाही, आणि नंतर तेच बरं वाटलं.

लिहायला सांगितलं होतं, रोज, शून्य ते दहा.
मी वाढीचा एक कोरा तक्ता घेतला,
खालून वर हिरवा, पिवळा, लाल रंगवला.
लेकरांची रेघ वर चढावी म्हणून मी झटते,
माझी खाली यावी म्हणून.
ती सरळ येत नाही.
पोळ्याच्या दिवशी नऊ. का, ते मलाही माहीत नाही.

आणि गृहपाठ.
बाजाराच्या तोंडाशी, चहाच्या टपरीजवळ उभं राहायचं.
डबा वाजेल. वाजू द्यायचा.
पळायचं नाही, काटा थांबेपर्यंत.
तो थांबतो. मला तर हे ठाऊक असायला हवं होतं,
बावीस वर्षं काटेच बघते आहे.

काल शुक्रवार.
पाव किलो वांगी, सांबार, आणि उगीच एक लाल कंगवा.
धडधड होती. पाच, कदाचित सहा.
बाईकडे सुटे नव्हते.
ती शेजारणीकडे मागायला गेली,
आणि मी तिच्या दुकानावर बसून राहिले,
एका म्हाताऱ्याला मेथीचा भावही सांगितला.